आवाराची ऋतुचर्या : देखभालीचा खर्च आणि मनुष्यबळाचे नियोजन

आयुर्वेदीय चिकित्सालयाच्या जमाखर्चात औषधी द्रव्यांच्या वाढत्या किमतींची चर्चा जितक्या तपशिलाने होते, तितकी आवाराच्या देखभालीच्या खर्चाची होत नाही. झाडलोट, बागकाम, पाणी भरणे, पंचकर्म कक्षाची स्वच्छता, भांडाराची राखण, रात्रीची रखवाली या कामांवर महिन्याकाठी जाणारी रक्कम एकाच ओळीत 'किरकोळ व मजुरी' म्हणून लिहिली जाते आणि वर्षाअखेरीस तिचा आकडा पाहून आपण दचकतो. मग पहिला उपाय सुचतो तो एखादा माणूस कमी करण्याचा. हा उपाय आम्हीही करून पाहिला आहे. त्यातून जे शिकलो, ते आपल्या वैद्यबंधुभगिनींच्या व औषधी निर्मात्यांच्या उपयोगी पडावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

आमचे ठिकाण प्रकाशा, तालुका शहादा. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील, केदारेश्वराच्या मंदिरामुळे 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाणारे हे गाव. एक छोटे चिकित्सालय, त्याला लागून पंचकर्माच्या खोल्या, मागे औषधनिर्मितीची जागा व कच्च्या मालाचे भांडार आणि उरलेल्या जागेत वनौषधींची बाग, असे आमचे आवार आहे. आपल्यापैकी अनेकांचे आवार थोड्याफार फरकाने असेच असेल.

एका चुकीची हकिकत

काही वर्षांपूर्वी खर्चाचा ताळेबंद जमेना, तेव्हा आम्ही बागेतील माळीबाबांना कामावरून कमी केले. बाग लहान, झाडे मोठी झालेली, पाणी कोणीही घालील, असा आमचा हिशेब होता. दिवाळी झाली होती. बाबांनी काही वाद घातला नाही. आठ दिवसांत ते मुलासोबत ऊसतोडीच्या टोळीत गुजरातकडे निघून गेले.

पुढील आषाढात पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री भांडारात पाणी शिरले. छपराची पन्हळ कडुनिंबाच्या पाल्याने तुंबली होती. खालच्या थरातील अश्वगंधा व शतावरीची पोती भिजली, शेजारच्या पोत्यांना ओल लागून बुरशी चढली. तो सर्व माल आम्हाला टाकून द्यावा लागला. त्या मालाची किंमत माळीबाबांच्या अनेक महिन्यांच्या पगाराहून अधिक होती.

वैशाखात टोळी परत आली, तेव्हा आम्ही बाबांना भेटण्यास गेलो नव्हतो. त्या पावसानंतर मात्र गेलो. ते म्हणाले, "पन्हळ साफ कर, असे कोणी सांगितले नव्हते, डॉक्टरसाहेब. पाणी कुठून आत येते ते मला माहीत होते, म्हणून करत होतो."

या एका वाक्यात आमची चूक पूर्णपणे सांगितली गेली. ते 'माळी' या नावाखाली किती कामे करीत होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. जे काम मोजलेले नाही, ते वाचवता येत नाही. फक्त गमावता येते.

शास्त्राची दृष्टी

आपले शास्त्र या बाबतीत अधिक सावध आहे. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्य, द्रव्य व रोगी यांच्या बरोबरीने उपस्थात्याला स्थान दिले आणि उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे चार गुण सांगितले. सूत्रस्थानाच्या उपकल्पनीय अध्यायात तर आतुरालयाची जागा कशी असावी, ती वारा, धूर, ऊन व पाणी यांपासून कशी सुरक्षित असावी, हे सांगून झाल्यावर परिचारकांची गणना कामाप्रमाणे केली आहे. अन्न शिजविणारा, स्नान घालणारा, अंग चेपणारा, रुग्णाला उठविणारा व निजविणारा, औषध वाटणारा असे कामाचे स्वरूप तेथे स्पष्ट आहे. संख्या आधी ठरवून कामे मागाहून वाटलेली नाहीत. कामे आधी सांगितली आहेत आणि त्या कामांना योग्य माणसे मागितली आहेत. मनुष्यबळाच्या नियोजनाचा आजही हाच क्रम असावा, असे आमचे मत आहे.

पहिली पायरी : कामाची मोजदाद

यासाठी कोणत्याही सल्लागाराची गरज नाही. एक वही पुरते. पंधरा दिवस प्रत्येक सेवकाने दिवसभरात काय केले व त्यास अंदाजे किती वेळ लागला, हे संध्याकाळी त्याला विचारून मालकाने अथवा व्यवस्थापकाने स्वतः लिहावे. आपण पहारा ठेवीत नाही, काम समजून घेत आहोत, हे आधीच सांगावे. अन्यथा वहीत वाढवून सांगितलेली कामे येतात आणि न सांगितलेली, मोलाची कामे राहून जातात. शेवटी एक प्रश्न प्रत्येकाला अवश्य विचारावा : "तुम्ही आठ दिवस आला नाहीत, तर काय अडेल?" आमच्या अनुभवाप्रमाणे खरी माहिती या प्रश्नाच्या उत्तरात मिळते.

नंतर कामांचे तीन गट करावेत. रोजची कामे, आठवड्याची वा महिन्याची कामे आणि ऋतूप्रमाणे येणारी कामे. पहिल्या दोन गटांसाठी कायम माणूस लागतो. तिसऱ्या गटासाठी वर्षभर माणूस ठेवणे हा अपव्यय होय. तसेच त्या गटाची आठवणच न ठेवणे हा त्याहून मोठा अपव्यय होय.

रखवालीचे उदाहरण घेऊ. दिवसरात्र एक माणूस दारावर हवा, असे आपण सहज म्हणतो. आठवड्याचे तास होतात १६८. एका माणसाचे कामाचे तास आठवड्याला ४८. म्हणजे दारावरच्या या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात, रजा व आजारपण धरल्यास जवळजवळ चार. प्रत्यक्षात आपण दोन माणसांकडून हे काम करून घेतो आणि एक जण रात्री झोपतो, याबद्दल कुरकुर करतो. त्याऐवजी रात्री मागचे दार बंद ठेवून येण्याजाण्याचा मार्ग एकच करावा, भांडाराला चांगले कुलूप व पुढे दिवा असावा आणि दारावरचा माणूस गरजेच्या तासांपुरताच ठेवावा. आंतररुग्ण असतील, तर रात्रीचा परिचारक वेगळाच हवा. त्याच्यावर रखवालीचा भार टाकणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे होय.

ऋतूप्रमाणे मनुष्यबळ

आपण रुग्णाला ऋतुचर्या सांगतो, परंतु स्वतःच्या आवाराला बारा महिने एकच दिनक्रम लावतो. प्रत्येक प्रदेशाचे कामाचे चक्र निराळे असते. आमच्या भागाचे चक्र पुढीलप्रमाणे आहे. वाचकांनी आपापल्या प्रदेशाप्रमाणे ते मांडून पाहावे.

खान्देशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरते. जुने साल संपते, हिशेब होतो, नवे बोलणे होते. आवाराच्या मनुष्यबळाचा वार्षिक आढावा घेण्यास याहून योग्य मुहूर्त नाही. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे याच सुमारास गावी परतलेली असतात, त्यामुळे डागडुजीसाठी माणसे मिळतात. छप्पर शाकारणे, पन्हळी साफ करणे, भांडारातील फळ्या जमिनीपासून वर उचलणे, गटारे मोकळी करणे, बागेत खड्डे घेणे ही सर्व कामे वैशाख-ज्येष्ठात उरकावीत. मात्र हाच काळ तीव्र उन्हाचा. ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य सांगणाऱ्या वैद्याने मजुराला भर दुपारी छपरावर चढवू नये. सकाळी सहा ते साडेदहा व सायंकाळी पुन्हा दोन तास अशी वेळ ठेवल्यास काम कमी होत नाही, उलट अधिक होते, असा आमचा अनुभव आहे.

आषाढ ते भाद्रपद हा पाण्याचा व ओलाव्याचा काळ. वर हतनूर धरणातून विसर्ग वाढला की सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचे दरवाजे उघडले जातात व नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा मिळतो. १९५५ साली बी. के. थापर यांनी प्रकाशा येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. इतका दीर्घ काळ माणूस नदीचा कल ओळखूनच येथे राहिला असणार. या काळात बागेला पाणी घालण्याचे काम जवळजवळ नसते. तोच वेळ भांडाराला द्यावा. पोती उलटणे, ओल तपासणे, ऊन पडेल त्या दिवशी माल वाळवणे ही कामे बागेच्या माणसाकडे सोपवता येतात. श्रावणात, विशेषतः सोमवारी, येथे भाविकांची गर्दी असते आणि बाह्यरुग्ण विभागातही ती जाणवते. त्या दिवशी शौचालये व पाण्याची व्यवस्था यांसाठी अर्ध्या दिवसाचा जादा माणूस घ्यावा, मात्र तेवढ्यासाठी वर्षभराची जागा निर्माण करू नये. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ पर्वणीस तर स्वतंत्र आखणीच हवी.

दिवाळीनंतर अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. याच वेळी कापूस, मिरची, पपई यांच्या शेतातही माणूस लागतो. तेव्हा आश्विनापासून पुढे 'मजूर मिळत नाहीत' ही तक्रार निष्फळ होय. हे दरवर्षीच घडणार आहे. या काळात कायम माणसांच्या बळावरच आवार चालेल, इतकेच काम ठेवावे. ज्याला आपण दिवाळीला कमी करतो, तो वैशाखापर्यंत मिळत नाही, हा धडा आम्ही चांगलाच शिकलो आहोत.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्तयात्रा व फाल्गुनात होळी. सातपुड्यातील आदिवासी बांधवांचा होळी हा सर्वांत मोठा सण. त्या आठवड्यात डोंगरातील सेवक गावी जाणारच. त्याला गैरहजेरी म्हणून पगार कापण्याऐवजी ती रजा वर्षाच्या आरंभीच हजेरीपटावर लिहून ठेवावी आणि त्या आठवड्यात शोधनकर्मांच्या तारखा देऊ नयेत. सण संपल्यावर माणूस वेळेवर परत येतो, तो या विश्वासावर.

बाग आणि पाणी

देखभालीतील सर्वाधिक तास बागेचे पाणी खाते. समजा, नळी धरून पाणी घालण्यास रोज दोन तास लागतात. महिन्याचे ६० तास झाले. ठिबक संच बसविल्यास झडप उघडणे, गाळणी धुणे व तुंबलेल्या तोट्या पाहणे यास रोज वीस मिनिटे, म्हणजे महिन्याला १० तास पुरतात. वाचलेले ५० तास म्हणजे आठ तासांचे सहा दिवस. केळीबागांमुळे ठिबकचे तंत्र खान्देशातील खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. दुरुस्ती करणारा माणूस गावातच मिळतो. झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास निंदणीही कमी होते.

झाडांची निवडही विचारपूर्वक करावी. अडुळसा, निर्गुंडी, गुळवेल, कोरफड, शेवगा, बेल, आवळा, अर्जुन ही आपल्या हवेत रुजणारी, एकदा लागली की फार देखभाल न मागणारी झाडे. दूरच्या प्रदेशातील नाजूक वनस्पती शोभेसाठी वाढविणे म्हणजे एका माणसाचा अर्धा दिवस तिला देणे होय. शिक्षणसंस्थांना जातींच्या संख्येचे बंधन असते, परंतु खाजगी चिकित्सालयाला ते नाही.

आता प्रश्न असा, की वाचलेल्या सहा दिवसांचे करायचे काय? येथेच बहुतेकांची वाट चुकते. ते दिवस वाचले म्हणून माणूस काढला, तर आमची चूक पुन्हा होईल. ते दिवस भांडार, वाळवण व डागडुजी यांना दिले, तर बाहेरून बोलवावे लागणारे मजूर, टाकून द्यावा लागणारा माल व मोठी दुरुस्ती हे तिन्ही खर्च घटतात. खर्चाची खरी बचत येथे होते.

कामांची सांगड : काय जोडावे, काय जोडू नये

एकाच माणसाकडे दोन कामे देणे योग्य आहे, परंतु शौच हा गुण सांभाळून. बाग आणि कच्च्या मालाची वाळवण जुळते. भांडार आणि मालाची आवकजावक जुळते. शौचालयाची सफाई आणि औषध कुटणे-चाळणे मात्र एका दिवसात एका हाताने होता कामा नये. २००० साली अधिसूचित झालेल्या व २००३ साली सुधारलेल्या अनुसूची 'टी' मध्ये औषधनिर्मितीची जागा, कामगारांची स्वच्छता, आरोग्य व नोंदी यांविषयी जे दंडक आहेत, त्यांचे मर्म हेच आहे. निरीक्षक येणार म्हणून ते पाळावयाचे नसून, आपले चूर्ण ज्याच्या पोटात जाणार, त्याच्यासाठी पाळावयाचे आहेत.

जैववैद्यकीय कचऱ्याचेही तसेच. २०१६ चे नियम आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत. रक्तमोक्षणाच्या सुया, बस्तीसाठी वापरलेल्या नळ्या, रक्ताचे कापूस हे रंगानुसार पिशव्यांत व डब्यांत वेगळे करावे लागतात आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक साठविता येत नाही. हे काम करणाऱ्या सेवकास धनुर्वात व कावीळ 'ब' यांची लस, वर्षातून एकदा आरोग्यतपासणी व प्रशिक्षण देणे ही मालकाची जबाबदारी आहे. प्रशिक्षित माणूस वारंवार बदलणे किती महाग पडते, ते यावरून ध्यानात यावे.

पंचकर्म कक्षात सर्वाधिक श्रम तेलाचे. सांडलेल्या तेलावर आधी लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्यावे, मग गरम पाणी व सोड्याने फरशी पुसावी. घासण्याचा वेळ वाचतो आणि रुग्ण घसरत नाही. न्हाणीच्या वाटेवर तेल अडवणारी छोटी टाकी बांधून दर आठवड्यास ती उपसावी. तेलकट कपड्यांचा ढीग बंद खोलीत साठवू नये. असा ढीग आतून तापून पेट घेण्याचा धोका असतो.

एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक वाटते. शौचकूपाच्या टाकीत कोणाही सेवकास उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे आणि त्या टाक्यांतील वायूने माणसे दगावतात. उपसा करणारी टँकरगाडी बोलावण्याचा खर्च हा वाचविण्याचा खर्च नव्हेच.

वेतन आणि मान

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या. नियुक्तिपत्र देणे, किमान वेतन वेळेवर देणे, जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने देणे या गोष्टी आता टाळता येण्याजोग्या राहिलेल्या नाहीत. आपल्या संस्थेस नेमके काय लागू होते, ते जाणकाराकडून एकदा समजून घ्यावे. आमच्या मते नियुक्तिपत्राचा लाभ मालकालाही आहे. त्यात कामे लिहावी लागतात आणि लिहिताना आपण कोणाकडून काय करवून घेत आहोत, ते प्रथमच आपल्या दृष्टीस पडते.

माळीबाबा पुन्हा आमच्याकडे आले. या वेळी त्यांचे पद 'माळी' असे लिहिलेले नाही. सकाळी बाग, दुपारनंतर भांडार, ज्येष्ठात छप्पर व पन्हळी, होळीला आठ दिवस रजा, असे कागदावर आहे. पगार पूर्वीपेक्षा थोडा अधिक आहे. तरीही देखभालीचा एकूण खर्च उतरला, कारण पोती भिजणे थांबले, बाहेरचे मजूर कमी लागले आणि रात्रीची जागा एकाने घटली. रात्रीच्या त्या माणसाला आम्ही घरी बसविले नाही. औषध बांधणीच्या कामास घेतले.

खर्च कमी करण्याची इच्छा असलेल्या प्रत्येक वैद्याने या आखाजीला एक वही घ्यावी आणि आवारातील सर्वांत कमी पगाराच्या माणसापासून विचारण्यास प्रारंभ करावा, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.